झायांटेच्या वाळूवरील नाकतोडा
एका इवल्या कीटकाच्या संरक्षणाचा अभ्यास

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यालगत, सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या दक्षिणेस सांता क्रूझ नावाचा जिल्हा आहे. या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, सॅन लोरेंझो नदीच्या खोऱ्यात, वाळूच्या काही टेकड्या आहेत. तेथील मातीला आणि परिसरालाही झायांटे हे नाव आहे. या टेकड्यांवर एक नाकतोडा राहतो. त्याची लांबी दीड-दोन सेंटिमीटर. टोळधाडीतल्या टोळांसारखा तो थव्याने येत नाही की पिके फस्त करीत नाही. या टेकड्यांखेरीज जगाच्या पाठीवर तो अन्यत्र कोठेही आढळत नाही.

या नाकतोड्याला १९९७ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायद्याचे संरक्षण दिले. तेव्हापासून त्या टेकड्यांवर वाळूची खाण चालवावयाची असो अथवा वसाहत उभारावयाची असो, या कीटकाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा जीवासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र एक गोष्ट ध्यानात येते. या जीवाचे भवितव्य प्रयोगशाळेत ठरले नाही. ते ठरले खाणपट्ट्यांच्या, घरबांधणीच्या आणि जमीनवापराच्या परवानग्यांमध्ये. म्हणूनच या लहानशा कीटकाची कथा प्रशासनाशी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंध असलेल्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे.

वाळूचे बेट

सांता क्रूझच्या डोंगरांत सर्वसाधारणपणे रेडवुडच्या उंच वृक्षांची घनदाट, ओलसर अरण्ये आहेत. त्यांच्यामध्येच वाळूच्या या टेकड्या उघड्या पडल्या आहेत. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश उथळ समुद्राखाली होता. समुद्रतळावर साचलेल्या वाळूचा खडक बनला, भूकवचाच्या हालचालींमुळे तो वर उचलला गेला आणि पुढे ऊन, वारा व पाऊस यांच्या माऱ्याने त्याची पुन्हा वाळू झाली. आजही तेथे शिंपले, शार्क माशांचे दात आणि इतर सागरी प्राण्यांचे अवशेष सापडतात.

ही वाळू भरड आहे. पावसाचे पाणी ती धरून ठेवीत नाही आणि वनस्पतींना लागणारी पोषकद्रव्येही तिच्यात अल्प असतात. उन्हाळ्यात तिचा पृष्ठभाग अतिशय तापतो. अशा जमिनीवर रेडवुडचे वृक्ष तग धरू शकत नाहीत. त्यांच्याऐवजी विरळ वाढलेले पाँडेरोसा पाइन वृक्ष, रुपेरी पानांची मँझानिटा नावाची झुडपे आणि वसंत ऋतूत फुलणाऱ्या बारीक रोपट्यांचे ताटवे तेथे दिसतात. यांतील काही वनस्पती केवळ याच भागातल्या आहेत. समुद्राने वेढलेल्या बेटावर जशी स्वतंत्र जीवसृष्टी निर्माण होते, तशीच अरण्याने वेढलेल्या या वाळूवर झाली. म्हणून या टेकड्यांना वाळूचे बेट म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

हे बेट फार लहान आहे. या टेकड्यांचे मूळ क्षेत्र सुमारे २,५०० हेक्टर होते, म्हणजे आपल्याकडील तीन-चार गावांच्या शिवाराएवढे. त्यातही नाकतोड्याला मानवणारी जागा आणखी थोडी आहे. त्याला दाट झुडुपांची जमीन चालत नाही. विरळ पाइन वृक्ष, त्यांच्यामधून पसरलेली मोकळी वाळू आणि वाळूवर तुरळक गवत व रोपटी, असा भाग त्याला लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ या प्रकाराला वाळूवरील उद्यानवन म्हणतात. संरक्षण जाहीर झाले त्या सुमारास असे उद्यानवन अवघे ८० हेक्टरांच्या आसपास, म्हणजे साधारण २०० एकर, उरले होते.

कीटकाची ओळख

या नाकतोड्याचे शास्त्रीय नाव ट्रायमेरोट्रोपिस इन्फँटिलिस. डेव्हिड रेंट्झ आणि डेव्हिड वाइसमन या दोन कीटकशास्त्रज्ञांनी १९८४ साली त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. याचा नर सुमारे १४ ते १७ मिलिमीटर आणि मादी सुमारे २० ते २२ मिलिमीटर लांब असते. पुढचे पंख करड्या रंगाचे असून त्यांवर गडद आडवे पट्टे असतात. मागचे पंख फिकट पिवळे असतात. मागच्या पायांचा खालचा भाग निळसर असतो.

तो वाळूवर बसला असता सहसा दिसत नाही. पट्ट्यांचा करडा रंग वाळूच्या कणांत मिसळून जातो आणि पाहणारा अगदी पायाशी असूनही फसतो. चाहूल लागताच मात्र तो उडतो. त्या वेळी पिवळे पंख झळकतात आणि पंखांचा करकर असा आवाज होतो. मीटर-दोन मीटर अंतर कापून तो पुन्हा मोकळ्या वाळूवर उतरतो आणि तत्काळ दिसेनासा होतो. बसण्यासाठी मोकळी वाळूच नसेल, तर लपण्याचे हे सारे कसब निरुपयोगी ठरते.

प्रौढ नाकतोडे मुख्यत्वे मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत दिसतात. त्यामुळे वर्षाच्या उरलेल्या काळात पाहणी करणाऱ्यास ही जमीन निर्जीव वाटण्याचा संभव असतो. नाकतोड्यांच्या माद्या सर्वसाधारणपणे जमिनीत अंडी घालतात. तेव्हा वाळू उपसली गेली की चालू पिढीबरोबर पुढची पिढीही जाते.

हा कीटक किती मर्यादित जागी राहतो याची कल्पना एका आकड्यावरून येईल. १९८९ ते १९९४ या काळात झालेल्या दोन स्वतंत्र पाहण्यांत ३९ ठिकाणे तपासण्यात आली. त्यांपैकी केवळ १० ठिकाणी तो आढळला आणि ती दहाही ठिकाणे झायांटे वाळूवरचीच होती.

अधिवास कसा घटला

या टेकड्यांची वाळू बांधकामाला उत्तम. त्यामुळे विसाव्या शतकात तेथे मोठ्या वाळूखाणी सुरू झाल्या. फेल्टन, क्वेल हॉलो व ऑलिंपिया ही त्यांची प्रमुख ठिकाणे होत. खाणीत टेकडीचा वरचा थर खरवडला जातो आणि त्यावरचे उद्यानवन मुळासकट नाहीसे होते. त्याच काळात फेल्टन, बेन लोमंड आणि स्कॉट्स व्हॅली या गावांची वाढ झाली. निसर्गरम्य परिसर आणि मोठ्या शहरांचे सान्निध्य यांमुळे घरांना मागणी आली. टेकड्यांवर रस्ते, घरे, अंगणे आणि हिरवळी आल्या. घोडेस्वारी आणि वाहने फिरवण्याची हौस यांनीही काही ठिकाणी वाळूवरची नाजूक रोपटी तुडवली गेली.

परिणाम असा झाला की, संरक्षण जाहीर होईतो मूळ क्षेत्राच्या ४० टक्क्यांहून अधिक भागाचा नाश झाला होता अथवा त्याचे स्वरूप पालटले होते. येथे तारखांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. खाणी आणि वसाहती अगोदर आल्या, नाकतोड्याला नाव मिळाले ते १९८४ साली. शास्त्राने त्याची नोंद केली तोवर त्याच्या घराचा मोठा भाग मोडला गेला होता. या परवानग्या देणाऱ्यांनी जाणूनबुजून कोणाचा नाश केला असे म्हणता येणार नाही. त्या जागेवर काय आहे, याची नोंदच त्यांच्यापुढे नव्हती. नोंद नसलेली वस्तू निर्णयात कधीच मोजली जात नाही.

कायद्याचे संरक्षण

अमेरिकेत संकटग्रस्त जातींविषयीचा कायदा १९७३ साली झाला. या कायद्याने वन्य पशुपक्ष्यांबरोबर कीटक आणि वनस्पती यांनाही संरक्षणाच्या यादीत स्थान दिले. झायांटे वाळूवरील दोन वनस्पती, बेन लोमंड वॉलफ्लॉवर आणि बेन लोमंड स्पाइनफ्लॉवर, १९९४ च्या फेब्रुवारीत या यादीत आल्या. पुढे २४ जानेवारी १९९७ रोजी हा नाकतोडा आणि त्याच वाळूवर राहणारा माउंट हर्मन जून भुंगेरा, अशा दोन कीटकांना एकाच आदेशाने संकटग्रस्त घोषित करण्यात आले. १९९८ मध्ये या परिसरातील कीटक व वनस्पती यांच्यासाठी एकत्रित पुनरुज्जीवन आराखडा तयार झाला. एकेका जातीचा स्वतंत्र विचार न करता त्यांना धरून ठेवणाऱ्या वाळूचा विचार करण्याकडे प्रशासन वळले, ही या आराखड्यातील महत्त्वाची बाब होय.

२००१ साली सुमारे १०,५०० एकरांचा पट्टा नाकतोड्याचा निर्णायक अधिवास म्हणून जाहीर झाला. हे क्षेत्र वाळूच्या एकूण क्षेत्राहूनही मोठे आहे, कारण नकाशावरील सीमा ठोकळमानाने आखल्या होत्या. त्या सीमांमधील घरे, रस्ते किंवा दाट अरण्य यांना हा नियम लागू होत नाही. नाकतोड्याच्या जीवनाला आवश्यक असलेली स्थिती जेथे आहे, तेवढ्याच जमिनीला तो लागू होतो. शिवाय अशा घोषणेमुळे खासगी जमीन सरकारजमा होत नाही. केंद्रीय खात्यांनी स्वतः केलेल्या, पैसा पुरवलेल्या किंवा परवानगी दिलेल्या कामांमुळे त्या अधिवासाची हानी होऊ नये, एवढेच बंधन तिच्यामुळे येते.

खाजगी जमीनमालकावर येणारे बंधन निराळे आहे. संरक्षित प्राण्याला मारणे अथवा इजा पोहोचवणे हा या कायद्याने अपराध ठरतो, मग जमीन कोणाचीही असो. प्राण्याचे आश्रयस्थान अशा रीतीने नष्ट करणे की त्यामुळे तो मरेल किंवा त्याला इजा होईल, हेही इजेतच मोडते.

खाणमालक आणि घरमालक

केवळ बंदी घालून असे प्रश्न सुटत नाहीत, हे अमेरिकन प्रशासनाने अनुभवाने ओळखले होते. म्हणून १९८२ साली मूळ कायद्यात दुरुस्ती करून अधिवास संवर्धन योजनेची तरतूद करण्यात आली. एखाद्या कामामुळे संरक्षित जातीची काही हानी अटळ असेल, तर ती शक्य तितकी कमी कशी करणार आणि तिची भरपाई कशी करणार, हे योजनेत नमूद करावे लागते. योजना मान्य झाली की मर्यादित परवानगी मिळते. क्वेल हॉलो येथील खाणीच्या बाबतीत हाच मार्ग अवलंबण्यात आला. खाणकाम आखून दिलेल्या मर्यादेत चालावे, लगतची वाळूची टेकाडे कायमची राखून ठेवावीत आणि काम संपलेल्या भागात स्थानिक वनस्पती पुन्हा लावाव्यात, असे तिचे स्थूल स्वरूप आहे.

खाणीसारख्या मोठ्या उद्योगाला तज्ज्ञ नेमून असा आराखडा करणे परवडते. ज्या सामान्य गृहस्थाला आपल्या घरामागे एक खोली वाढवावयाची आहे, त्याचे काय? वाळूटेकड्यांवरील जुन्या वसाहतींत शेकडो लहान भूखंड आहेत. त्यांच्या अंगणात नाकतोडा राहत नाही, पण त्याचा शेजारी असलेला जून भुंगेरा आणि स्पाइनफ्लॉवर ही वनस्पती तेथे तग धरून आहेत. कायदा अर्थातच मोठी खाण आणि लहान घर यांत भेद करीत नव्हता. प्रत्येक घरमालकाने स्वतंत्र योजना करून केंद्र सरकारची परवानगी मिळवावयाची म्हणजे वेळ आणि पैसा या दोहोंचा मोठाच भार होता. एका किड्यापायी आमच्या घराचे काम अडते, ही तक्रार अशा वेळी निराधार म्हणता येत नाही.

यावर २०११ साली तोडगा निघाला. सांता क्रूझ जिल्हा प्रशासन, स्कॉट्स व्हॅली नगर प्रशासन आणि केंद्राचे वन्यजीव खाते यांनी मिळून लहान बांधकामांसाठी एक सामाईक योजना लागू केली. घरमालकाने स्थानिक कार्यालयातच अर्ज करावयाचा, बांधकामाने जेवढी वाळू व्यापली जाईल त्या प्रमाणात ठरावीक रक्कम भरावयाची आणि त्या पैशातून वाळूटेकड्यांचा सलग तुकडा कायमचा राखला जावयाचा, अशी ही पद्धत आहे. घरांच्या दाटीत अडकलेले वाळूचे तुकडे फार काळ टिकणारे नव्हते. त्यांच्या मोबदल्यात मोठा सलग तुकडा सुरक्षित करणे अधिक हितावह ठरले. अर्थात, पैसे भरून नवी वाळू निर्माण होत नाही. उरलेल्यांपैकी काही वाचवण्याचा हा मार्ग आहे, हे विसरून चालणार नाही.

कीटकांना संरक्षण मिळाले १९९७ मध्ये आणि सामान्य नागरिकाला झेपेल अशी कार्यपद्धती आली २०११ मध्ये. मधली चौदा वर्षे कायदा होता, पण लहान माणसासाठी सोयीची वाट नव्हती. अशा काळात ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्याविषयीच लोकांच्या मनात अढी निर्माण होते. कायद्याबरोबरच त्याची सुलभ कार्यपद्धती सिद्ध असली पाहिजे, हा यातील प्रशासकीय धडा आहे.

नुसते कुंपण पुरेसे नाही

जमीन राखून ठेवली, तिच्याभोवती कुंपण घातले की काम संपले, असे या प्रकरणात झाले नाही. या टेकड्यांवर पूर्वी अधूनमधून वणवे लागत. वणव्यात झुडुपे आणि पाइनच्या सुयांचा पाचोळा जळून जाई व वाळू पुन्हा मोकळी होई. विसाव्या शतकात वस्ती वाढल्यानंतर आग दिसताच विझवली जाऊ लागली. लोकांच्या रक्षणासाठी ते आवश्यकच होते. मात्र त्यामुळे झाडोरा दाट झाला, सावली वाढली आणि वाळूवर पाचोळ्याचा थर साचू लागला. कोणीही कुदळ न लावता मोकळी वाळू आपोआप मिटत चालली.

बाहेरून आलेल्या वनस्पतींनी त्यात भर घातली आहे. युरोपातील गवते, ब्रूम नावाची पिवळ्या फुलांची झुडुपे आणि ऑस्ट्रेलियातून आणलेली बाभळीच्या कुळातील झाडे वाळूवर झपाट्याने पसरतात. हिरवळ वाढली म्हणजे निसर्ग सुधारला, ही सर्वसाधारण समजूत येथे उलटी ठरते. ज्या जीवाला उघडी वाळू हवी, त्याच्या दृष्टीने वृक्षांची दाटी ही खाणीइतकीच घातक आहे.

नियंत्रित जाळपोळ करून वाळू मोकळी करावी, तर शेजारी घरे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्याने सांता क्रूझ व शेजारच्या सॅन मटेओ या जिल्ह्यांतील सुमारे ८६,००० एकर क्षेत्र व्यापले आणि ९०० हून अधिक घरे भस्मसात केली. असा अनुभव घेतलेल्या लोकांना आग लावण्याचे महत्त्व पटवणे सोपे नाही. म्हणून परकी झाडे हाताने उपटणे, झुडुपे तोडणे आणि पाचोळा दूर करणे, असे कष्टाचे उपाय योजावे लागतात. संरक्षण ही एकदा करून मोकळे होण्याची गोष्ट नसून वर्षानुवर्षे करावयाची राखण आहे.

वाळू आणि पाणी

नाकतोड्याचा माणसाला प्रत्यक्ष उपयोग काय, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पण ज्या वाळूवर तो राहतो तिचा उपयोग निर्विवाद आहे. या भागातील गावे पिण्याच्या पाण्यासाठी मोठ्या प्रमाणात भूजलावर अवलंबून आहेत. सांता मार्गारिटा या नावाने ओळखला जाणारा जो वाळूचा खडक या टेकड्यांच्या मुळाशी आहे, तोच भूजल साठवणारा एक प्रमुख थर होय. मोकळ्या वाळूवर पडलेला पाऊस थेट आत मुरतो. तीच जमीन छपरांनी आणि डांबराने झाकली गेली की पाणी वाहून जाते.

स्कॉट्स व्हॅलीच्या परिसरात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भूजलाची पातळी लक्षणीयरीत्या खालावली. कॅलिफोर्नियाने २०१४ साली भूजलाच्या शाश्वत वापरासंबंधी कायदा केला आणि त्यानुसार २०१७ मध्ये या खोऱ्यासाठी स्थानिक भूजल संस्था स्थापन झाली. नाकतोड्यासाठी राखलेली वाळू विहिरींसाठीही राखली जाते, ही गोष्ट आता तेथील नागरिकांना वेगळी समजावून सांगावी लागू नये. दुर्मिळ जीव जेथे असतो तेथे त्या भूमीचे काही विशेष असते आणि त्या विशेषाचा लाभ बहुधा माणसालाही मिळत असतो.

आपल्या दृष्टीने

महाराष्ट्रात झायांटेची वाळू नाही, परंतु तिच्यासारखी लहान बेटे पुष्कळ आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील आणि कोकणातील जांभ्या दगडाचे सडे हे त्यांचे ठळक उदाहरण होय. उन्हाळ्यात ओसाड दिसणाऱ्या या कातळावर पावसाळ्यात फुलांचे गालिचे पसरतात आणि त्यांतील अनेक वनस्पती पश्चिम घाटाबाहेर कोठेही आढळत नाहीत. साताऱ्याजवळील कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. परंतु प्रत्येक सड्याच्या वाट्याला कासची कीर्ती येत नाही. महसुली दप्तरात अशी जमीन पडीक किंवा पोटखराब म्हणून नोंदली जाते. मग कोणी तेथे चिऱ्याची खाण सुचवतो, तर कोणी सद्हेतूने वृक्षारोपण करू पाहतो. झायांटेचा अनुभव सांगतो की उघड्या जमिनीला या दोहोंपासून धोका संभवतो.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. सांता क्रूझमध्ये जे निर्णयापूर्वी उपलब्ध नव्हते, ते आपल्या ग्रामपंचायतीच्या हाती देण्याची सोय या तरतुदीने केली आहे. मात्र ही नोंदवही कार्यालयात बसून भरता येणार नाही. झायांटेचा नाकतोडा वर्षातून काही महिनेच दिसतो, सड्यावरची फुले काही आठवडेच दिसतात. मे महिन्यात पाहणी करून येथे काही नाही असा शेरा मारला, तर तो शेरा चुकीचा असूनही कागदावर कायम राहतो. गावातील शिक्षक व विद्यार्थी, गुराखी आणि जाणकार वृद्ध यांना सोबत घेऊन निरनिराळ्या ऋतूंत केलेली पाहणीच उपयोगी पडते.

झायांटेचा नाकतोडा अजूनही संकटग्रस्तांच्या यादीत आहे. उरलेल्या वाळूचा बराच भाग सुरक्षित झाला आहे, मोकळ्या जागा राखण्याचे काम चालू आहे, पण खणून गेलेल्या टेकड्या परत येणार नाहीत. त्याला नाव मिळण्यापूर्वी दिलेल्या परवानग्यांचा तो परिणाम आहे. खाणपट्ट्याचा किंवा बांधकामाचा पुढचा अर्ज जेव्हा ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा त्या गट क्रमांकापुढे पोटखराब या शब्दाशिवाय आणखी काय लिहिले आहे, हे पाहिले गेले पाहिजे. तेथे काहीच लिहिलेले नसेल, तर निर्णयापूर्वी एका पावसाळ्याची पाहणी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.